परदेशात शिरताना तुम्हाला काय काय मागितलं? किस्से येऊ द्या

पेठेतली_वहिनी
काल भाच्याची इटलीच्या व्हिसाची फाईल लावून देत होते. बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसची एनओसी, ३०,००० युरोचा इन्शुरन्स, सगळं टेबलभर. आणि एकदम आमच्या सासूबाई आठवल्या. धाकट्या जावेच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या होत्या, मुंबईला कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे उभ्या, मराठी दुभाषी बाई शेजारी. साहेबाने विचारलं परत कधी येणार, तर ह्या म्हणे "बाळाचं बारसं झालं की लगेच, दिवाळीनंतर माझा भिशीचा नंबर आहे, तो सोडून मी राहणार होय तिथे!" व्हिसा मिळाला. सगळ्या फाईली तशाच बंद राहिल्या, एक कागद पाहिला नाही त्याने. तुमचेही किस्से लिहा.

मयुरेश_कोथरूड
भिशी 😂😂 याहून भक्कम पुरावा नाही परत येण्याचा
बाकी भाच्याला सांगा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू हवा आणि दोन पानं कोरी. आणि फोटो ३५ बाय ४५ मिमी

पेठेतली_वहिनी
फोटोचंच अडलंय. कर्वे रोडला कुणी काढून देतं का

निवांत_काका
कुठेही काढतात, फक्त "शेंगेनचा" (युरोपच्या व्हिसाचा) म्हणा. कापायला त्यालाच सांगा, घरी कात्री चालवू नका.

अश्विनी_बाणेर
दुबईवाल्यांनो खसखस!!! तिकडे बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. आत्येसासूबाईंनी नणंदेला डबाभर अनारसे दिले होते, वरून भरपूर खसखस, त्यांना काय माहीत, आणि दिराने निघताना विचारलं वहिनी यावर काय लावलंय. मग काय, मुंबईच्या कॅबमध्ये खोपोली येईपर्यंत आम्ही चौघांनी आणि ड्रायव्हरने मिळून डबा संपवला. आत्याबाईंना अजून वाटतं नणंदेला फार आवडले

मयुरेश_कोथरूड
ड्रायव्हरची दिवाळी झाली. सिंगापूरलाही खसखस नेऊ नका हां

रेवा_टी
अनारसे हसतात कशामुळे ते कुणीतरी सांगा ना, माझे तुपात सोडले की विरघळतात

अश्विनी_बाणेर
पीठ जास्त ओलं आहे किंवा गूळ जास्त. व्यनि (खाजगी मेसेज) करते

निवांत_काका
आमचा ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप काठमांडूला निघाला होता. नेपाळला व्हिसा नाही म्हणून सगळे खुशीत, खिशात आधार. विमानाने जायचं तर आधार फक्त १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं, मधल्यांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. एक मित्र ६३ चे. काउंटरवर म्हणे "अहो केस बघा ना माझे!" शेवटी मुलाने घरून मतदार कार्ड आणून दिलं, स्कूटरवरून, घरच्या चपला घालून. ते विमानतळाजवळच राहतात म्हणून जमलं

पेठेतली_वहिनी
अगं बाई 😂 ६३ ला तरुण ठरणं परवडत नाही

डॉ_सहकारनगर
केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस नक्की घ्या. लोकांना वाटतं ती तिकडे शिरायला लागते. खरी अडचण येते परत येताना, कारण तिकडून येणाऱ्याकडे सर्टिफिकेट नसेल तर आपलं सरकार ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, मान्यता असलेलं केंद्रच लागतं.

रेवा_टी
डॉक्टर इंजेक्शन दुखतं का, सासऱ्यांचा प्रश्न आहे (माझाच आहे)

डॉ_सहकारनगर
नाही 🙂 सासऱ्यांचं वय ६० च्या वर असेल तर मात्र आधी बोलून घ्या, डॉक्टर तपासून ठरवतात. अंड्याची ॲलर्जी असेल तरी सांगा.

सिडनीकर_मुलीचे_आईबाबा
ऑस्ट्रेलियाला उतरताना भरायच्या कार्डवर, खायचं काही बरोबर असेल तर "हो" वर टिक करा, मग भाजणी असो की गोडा मसाला. सांगितलेलं काढून घेतलं तरी दंड नाही, लपवलेलं सापडलं तर जबर आहे. आमच्या गोड्या मसाल्याच्या पाकिटाला सामान तपासणाऱ्या पोराने नाक लावलं आणि असा शिंकला की मागची रांग वळून बघायला लागली. हसून जाऊ दिलं, मेतकूटही गेलं, बियाणं मात्र ठेवून घेतलं. ह्यांनी आळूचा कंद पण घेतला होता, तो मी पुण्यातच काढला, नशीब

मयुरेश_कोथरूड
आळूचा कंद सिडनीला 🙏 काका ग्रेट

श्रद्धा_पी
वाचत नाही सगळं, पोळ्या चालू आहेत, पण थायलंडला मे २०२५ पासून ऑनलाईन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधी ३ दिवसांत. फुकट असतं! पैसे मागणाऱ्या साईट आहेत, तिथे कार्ड नंबर देऊ नका. बहिणीने भावोजींना ऐन वेळी थांबवलं

रेवा_टी
अश्विनी व्यनि आला नाही गं

अश्विनी_बाणेर
बघते, मुलाचा क्लास सुटलाय. तोवर पीठ फ्रिजमधून बाहेर काढून ठेव, गार पीठ थापू नकोस