मदत हवी: जुनं प्लॅस्टिकचं जहाज कोणत्या किटचं ते ओळखून द्या (तातडीचं)

मधुरा_कल्याण
घाईत लिहितेय. मामाकडे प्लॅस्टिकचं जोडायचं जहाज आहे, अर्धवट जोडलेलं. खोका आणि कागद २६ जुलैच्या पुरात गेले, लगदा झाला होता. सुटे भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, त्यातलेही बरेच हरवलेत. मला नेमकं तेच किट परत विकत घ्यायचंय. मामाचं सहस्रचंद्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय, तोवर जहाज पुरं करून हातात द्यायचंय. शॉपिंग साइटवर शोधलं तर शिडाची लाकडी जहाजं आणि बाटलीतली जहाजं, बस. जहाजाचं नाव दिल्ली. माहीत असेल तर लगेच सांगा.

मनकवडा
फोटो?

रावसाहेब
आयएनएस दिल्ली ही १९९७ साली नौदलात आलेली विनाशिका. हल्ली थ्रीडी प्रिंट करून काय हवं ते मिळतं. माझ्या पुतण्याने गणपतीच्या मखरासाठी अख्खा रायगड प्रिंट करून घेतला होता. जुन्याच्या मागे कशाला लागता?

मधुरा_कल्याण
रावसाहेब, ती नाही हो. मामा १९७५ च्या आसपास जिच्यावर होता ती जुनी दिल्ली. फोटो चढत नाहीयेत, साइट 'फाइल मोठी आहे' म्हणतेय. जहाज राखाडी आहे.

डोलकाठी
मधुराताई, सगळीच राखाडी असतात. एवढं सांगा: १) टोकापासून टोकापर्यंत लांबी, मिलिमीटरमध्ये. २) धुराडी किती. ३) तोफांचे टरेट (तोफा बसवलेले फिरते बुरूज) किती, पुढे किती आणि मागे किती. ४) खालचा भाग पूर्ण आहे की पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेला. ५) आतल्या बाजूला किंवा स्टँडवर काही अक्षरं आहेत का. किट नेहमी मोजपट्टीने ओळखायचं, नावाने नाही. साचे पन्नास पन्नास वर्षं चालतात, खोके बदलतात, कंपन्या विकल्या जातात. साल कोरलेलं सापडलं तरी ते बहुतेक वेळा साच्याचं असतं, तुमचा नग त्याच्या वीस वर्षांनंतरचाही असू शकतो.

सुमन_ताई
डेकल (मॉडेलवर चिकटवायची नावं-चिन्हं) पिवळी पडली असतील तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवायची, आठ-दहा दिवसांत पांढरी होतात. आमच्या ह्यांनी विमानांची अशीच केली.

मधुरा_कल्याण
सुमनताई, डेकलच नाहीयेत :(
डोलकाठी, शिवणाच्या टेपने मोजलं, २८ सेंमी आणि वर एक-दोन मिमी. धुराडं एकच, रुंद. टरेट तीन, प्रत्येकात दोन नळ्या. पुढे दोन, मागे एक. तळ पूर्ण आहे, गोलसर. अक्षरं दिसत नाहीत, आतून बंद केलंय. आता तरी सांगाल का?

शिवडीचा_शंकर
पुढे दोन, मागे एक, म्हणजे ब्रिटिश क्रूझर (मोठी युद्धनौका) एक्झेटर! मॅचबॉक्स कंपनीचं १/७०० किट, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या भागाएवढं. लहानपणी माझ्याकडे होतं, दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये भाग यायचे. रिव्हर प्लेटच्या लढाईत (१३ डिसेंबर १९३९) जर्मन युद्धनौका ग्राफ स्पीशी भिडलेल्या तिघींपैकी एक. पैज लावा.

डोलकाठी
शंकरराव, पैज हराल. एक्झेटरला धुराडी दोन. शिवाय ती १७५ मीटर, म्हणजे १/७०० मध्ये २५ सेंमी. इथे २८ आहे.

शिवडीचा_शंकर
टेप शिवणाचा आहे म्हणतायत. ताणला जातो तो. आणि एक धुराडं हरवलं असेल.

डोलकाठी
ताणून तीन सेंमी? आणि दुसऱ्या धुराड्याची जागा डेकवर दिसली नसती? असो. जुनी दिल्ली म्हणजे पूर्वीची न्यूझीलंडच्या नौदलाची अकिलीस. त्याच तिघींपैकी. १९४८ मध्ये आपल्याकडे आली. लियँडर वर्गाची क्रूझर, एकच रुंद धुराडं, लांबी साधारण १६९ मीटर. भागिले ६००, २८.२ सेंमी. म्हणजे एअरफिक्स कंपनीचं १/६०० मधलं 'एचएमएस अजॅक्स' किट. अजॅक्स ही अकिलीसची सख्खी बहीण, त्याच वर्गाची. पण एक गोष्ट जुळत नाही. किटमध्ये टरेट चार असतात, पुढे दोन, मागे दोन. मागच्या टरेटच्या पुढे डेकवर नीट बोट फिरवून बघा, काही बुजवलंय का.

रावसाहेब
अकिलीस म्हणजे १९५६ च्या 'बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' सिनेमातली ना? त्यात आपल्या दिल्लीनेच अकिलीसचं काम केलंय. म्हणजे जहाजाने स्वतःचीच भूमिका केली. अजॅक्सचं काम शेफील्ड या दुसऱ्या जहाजाने. पूर्वी थिएटरात... जाऊ दे, विषयांतर.

मधुरा_कल्याण
आहे!! गोल ठिगळ आहे, एम-सीलसारखं काहीतरी भरून वरून राखाडी रंग दिलाय. आणि डब्यात एक टरेट सुटा आहे, रंग न दिलेला. मी समजत होते तो चिकटवायचा राहिलाय. काल रात्री फेव्हिक्विक लावून तिथे बसवणार होते.

डोलकाठी
बरं झालं हात आवरलात. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ जपानी विमानाचा बॉम्ब अकिलीसच्या एक्स टरेटवर (मागच्या दोनांपैकी पुढचा) पडला. मग पोर्ट्समथला दुरुस्तीत तो टरेट काढूनच टाकला आणि त्या जागी छोट्या विमानविरोधी तोफा बसवल्या. आपल्याकडे आली ती तीन टरेटची. तुमच्या मामांनी अजॅक्सच्या किटमधून दिल्ली घडवायला घेतली होती. म्हणून 'दिल्ली'चं किट तुम्हाला सापडत नव्हतं.

जुना_बाजार
चोरबाजारात मटण स्ट्रीटला बघा. किंवा हेच विकून टाका, जुन्या एअरफिक्सला बाहेर गिऱ्हाईक आहे.

मधुरा_कल्याण
विकायचं नाहीये. वर वाचा.

लेस्टरकर
इथे इंग्लंडात अजॅक्सचं किट दुर्मिळ नाही, कंपनीने अनेकदा परत काढलंय. नवीन सीलबंद घेऊ नका, उगाच महाग. कुणाचं तरी मोडकं, अर्धवट किट पार्टसाठी घ्या. खोक्यावरचा क्रमांक सोडा, स्केलमेट्स या किटांच्या साइटवर अजॅक्सचे सगळे खोके लागोपाठ दिसतील, आतला माल तोच. मी दोन कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचे बाजार) बघतो या रविवारी.

शिवडीचा_शंकर
जोडलेला भाग सुटा करायचा असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, जुना सांधा कडकन सुटतो.

डोलकाठी
काहीही! मामांनी ट्यूबमधलं सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा गोंद) वापरलं असेल तर प्लॅस्टिक विरघळून एकजीव झालेलं असतं. सुटलं तर सांध्याशेजारून फुटेल. जोडलेल्याला हात लावू नका. काय काय हरवलंय ते लिहा फक्त.

शिवडीचा_शंकर
माझी तीन सुटलीत.

डोलकाठी
आणि किती फुटली?

मधुरा_कल्याण
भांडू नका. हरवलेलं: मागची डोलकाठी, दोन होड्या, नांगर, स्टँड. मामाला सहज म्हणून फोनवर विचारलं, दिल्लीला किती टरेट होते रे मामा. तर म्हणाला, "तीन. चौथा लावणाऱ्याला आमचा चीफ समुद्रात टाकायचा." मग दहा मिनिटं बॉयलर रूमबद्दल बोलत होता. दोन वर्षांत एवढं बोलला नव्हता.

लेस्टरकर
ताई, डोलकाठी आणि होड्या असलेलं एक सापडलंय, स्टँड नाही. माझी वहिनी पुढच्या गुरुवारी मुंबईला येतेय, तिच्या बॅगेत देऊ का? स्टँडसाठी सागवानाचा तुकडा तुम्हीच बघा.

सुमन_ताई
सागवान आमच्याकडे आहे, डोंबिवलीला. जुन्या दाराची चौकट.