मदत हवी आहे: फोल्डिंग सायकलची सीट खाली सरकते
20 इंची चाकांची फोल्डिंग सायकल रोज ऑफिसला नेतो. मधला टप्पा घडी करून ट्रेनने. चालवता चालवता सीट हळूहळू खाली उतरते. खड्ड्यांचा रस्ता असला की बोटभर तरी, आणि मग गुडघे भरून येतात.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, अ‍ॅल्युमिनियमचा, 33.9 मिमी व्यासाचा. फ्रेमच्या नळीत पोस्टभोवती प्लास्टिकची बाही आहे. पोस्ट आणि बाही दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडी केली, ग्रीस कुठेही नाही. क्विक रिलीजचा, म्हणजे पोस्ट आवळून धरणाऱ्या खटक्याच्या क्लॅम्पचा, नट इतका आवळलाय की खटका बंद करताना तळहातावर वळ उठतो. आणखी आवळायची भीती वाटते, क्लॅम्पच तुटायचा. पोस्टवर उभे ओरखडे आहेत आणि बाहीचा वरचा काठ चकचकीत झालाय, त्यामुळे माझा संशय बाहीवरच आहे.

पान्याने आवळायचा बोल्टचा क्लॅम्प सुचवू नका, घडी करताना दर वेळी सीट खाली घ्यावीच लागते. कार्बन पोस्टला पकड वाढावी म्हणून लावतात ती कणीदार पेस्ट डोक्यात आहे, पण रोजच्या वर-खाली करण्याने ती पोस्ट आणखी खरवडेल का? आणि बाही झिजलीय की क्लॅम्प ढिला पडलाय, हे नवीन भाग घेण्याआधी घरच्या घरी कसं तपासायचं?