मदत हवी आहे: लिनक्सवर रिफ्रेश रेट ५० दिसतो, मॉनिटर मात्र ६० सांगतो, खरा आकडा कोणता?

नमस्कार.

पेडणे तालुक्यातील आमच्या गावी जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी प्रयोग होतो आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा संकासुराचे काम ज्या ज्येष्ठ कलाकाराने केले, त्यांना पुढच्या जत्रेला उभे राहणे जमेल की नाही हे सांगता येत नाही. त्यामुळे हे संपादन घाईने उरकावे असे मला मुळीच वाटत नाही, आणि म्हणूनच पुढील अडचण थोड्या विस्ताराने मांडत आहे.

संपादनाचा संगणक जुना आहे. त्यात एनव्हिडियाचे जीफोर्स ७ मालिकेतील कार्ड असून उबुंटू १२.०४ आणि निर्मात्याचा २९५ मालिकेतील ड्रायव्हर आहे. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही आणि आधीच्या सर्व जत्रांचे प्रकल्प त्याच्यावरच असल्यामुळे तो बदलण्याची माझी तयारी नाही. त्याला १२८० × १०२४ चे दोन एलसीडी मॉनिटर जोडले आहेत. डाव्यावर टाइमलाइन असते आणि उजव्यावर चित्र पाहते.

चित्रफीत सेकंदाला २५ फ्रेमची आहे. संकासूर उड्या मारत रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग फिरतो, तेव्हा मागचा पडदा आणि मंडपाचे खांब सलग सरकण्याऐवजी अडखळत सरकतात. आवाज व्यवस्थित जुळतो. हीच फीत डीव्हीडीवर घालून घरच्या टीव्हीवर लावली तर सारे सुरळीत दिसते, म्हणजे चित्रीकरणात दोष नाही हे नक्की.

मला कोड्यात टाकले ते पुढच्या गोष्टीने. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा, ५० हर्ट्झ दिसतो. तो खरा असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जायला हवी आणि अडखळण्याचे काही कारणच उरत नाही. एक्सरँडआर ही पडद्याच्या मोडी (आकार आणि वेग यांच्या जोड्या) दाखवणारी आज्ञा चालवली तर दोन्ही पडद्यांची मिळून २५६० × १०२४ ही मोड ५०.० वर चालू असल्याचे दिसते आणि इतर मोडींपुढे ५१, ५२, ५३ असे ओळीने चढत जाणारे आकडे येतात, जे मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटले. मॉनिटरवरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला तर दोन्ही मॉनिटर ६४ किलोहर्ट्झ आणि ६० हर्ट्झ सांगतात. उबुंटूच्या लाइव्ह सीडीवरून, म्हणजे नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर, हाच संगणक सुरू केला तर एक्सरँडआरसुद्धा ६०.० सांगते. यावरून चुकीचा आकडा निर्मात्याच्या ड्रायव्हरकडून येतो असे मला वाटते, परंतु कारण समजल्याशिवाय काही बदलण्याचे धाडस होत नाही. आमच्याकडच्या वायरमनचे म्हणणे असे की विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते आणि तोच आकडा तिथे उमटतो. त्यात तथ्य आहे का?

मॉनिटर प्रत्यक्षात किती वेगाने चालतो हे खात्रीने कसे तपासावे, एक्सरँडआरला खरा आकडा सांगायला कसे लावावे आणि २५ फ्रेमचे चित्र सलग दिसावे यासाठी काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, ही फीत डेस्कटॉपचे इफेक्ट बंद असताना पाहिली आहे का? उबुंटू १२.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी युनिटी टूडी निवडता येते, त्यात इफेक्टसह पडदा रंगवणारा कॉम्पिझ हा प्रोग्राम चालत नाही. तिथे व्हीसिंक (मॉनिटर ताजा होण्याच्या क्षणीच नवे चित्र दाखवण्याची सोय) चालू ठेवून जीएलएक्सगिअर्स हा चाचणीचा प्रोग्राम पाच सेकंद चालवा आणि किती फ्रेम मोजल्या ते कळवा.

धागाकर्ती

आजच करून पाहिले. युनिटी टूडीमध्ये पाच सेकंदांत ३०० फ्रेम येतात, म्हणजे सेकंदाला ६०. संकासुराचा प्रवेश तिथे पूर्वीपेक्षा बरा दिसतो, परंतु अडखळणे पूर्णपणे जात नाही.

प्रतिसाद २

आपले मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालत आहेत. एक्सरँडआरमधील ५०, ५१, ५२ हे आकडे वेग दाखवतच नाहीत. ते ओळख पटवण्यासाठी दिलेले क्रमांक आहेत आणि ड्रायव्हरच्या माहितीपुस्तिकेत त्याचा खुलासा आहे.

या ड्रायव्हरमध्ये दोन मॉनिटर मिळून एकच पडदा बनतो आणि त्या जोडीच्या प्रत्येक मांडणीला मेटामोड म्हणतात. हा ड्रायव्हर एक्सरँडआरच्या जुन्या आवृत्तीनुसार बोलतो आणि त्या आवृत्तीला एका पडद्यामागे दोन मॉनिटर असू शकतात हेच ठाऊक नव्हते. तिला केवळ बाहेरची चौकट दिसते. दोन वेगवेगळ्या मेटामोडींची चौकट सारखीच असेल तर त्यांतली कोणती निवडली हे कळण्याची सोय नव्हती. म्हणून ड्रायव्हरने रिफ्रेश रेटच्या रकान्यात प्रत्येक मेटामोडीला वेगळा आकडा दिला. या सोयीचे नाव डायनॅमिकट्विनव्ह्यू. खरा वेग हवा असेल तर एनव्हिडिया-सेटिंग्ज या आज्ञेला उणे क्यू देऊन रिफ्रेशरेट विचारावा. तिथे प्रत्येक मॉनिटरचा आकडा वेगळा आणि बरोबर मिळतो.

विजेच्या ५० हर्ट्झचा याच्याशी संबंध नाही. मॉनिटरचा वेग कार्डाच्या पिक्सेल क्लॉकवरून, म्हणजे कार्ड सेकंदाला किती पिक्सेल पाठवते त्यावरून, ठरतो. १२८० × १०२४ च्या मोडमध्ये न दिसणारी मोकळी जागा धरून एक ओळ १६८८ पिक्सेलची आणि पूर्ण फ्रेम १०६६ ओळींची असते. क्लॉक १०८ मेगाहर्ट्झचे असते. त्याला १६८८ ने भागले की मॉनिटरने आपल्याला सांगितलेले ६४ किलोहर्ट्झ येतात आणि पुन्हा १०६६ ने भागले की ६०.०२ हर्ट्झ. आपल्या मॉनिटरने दोन्ही आकडे बरोबर सांगितले आहेत.

आता अडखळण्याविषयी. इथे दोन कारणे एकावर एक चढली आहेत. कॉम्पिझ रिफ्रेश रेट आपोआप ओळखतो तो एक्सरँडआरला विचारूनच. त्यामुळे तो पडदा सेकंदाला ५० वेळाच रंगवतो आणि ६० वेळा ताजे होणाऱ्या मॉनिटरवर दर सेकंदाला दहा वेळा जुनेच चित्र पुन्हा दिसते. युनिटी टूडीमध्ये आपल्याला फरक जाणवला तो यामुळे. दुसरे कारण मात्र तिथेही राहते, कारण ६० ला २५ ने भागल्यास २.४ येतात. काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवल्या जातात आणि संथ हालचालीत लपून जाणारा हा फरक कॅमेरा फिरू लागला की उभ्या खांबांवर लगेच दिसतो.

आकडा दुरुस्त करण्यासाठी एक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी लिनक्सची यंत्रणा, हिच्या एक्सऑर्ग.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलची प्रत काढून ठेवा, तिच्या स्क्रीन विभागात डायनॅमिकट्विनव्ह्यू हा पर्याय फॉल्स करा आणि एक्स पुन्हा सुरू करा. यानंतर एक्सरँडआर खरा वेग सांगेल, परंतु चालू सत्रात एनव्हिडिया-सेटिंग्जमधून मेटामोड बदलता येणार नाहीत. त्या फाइलमध्येच लिहाव्या लागतील. २०१२ मध्ये आलेल्या ३०२ मालिकेपासून ड्रायव्हरला एक्सरँडआरची नवी पद्धत समजते आणि तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या कार्डाला चालणारी शेवटची मालिका ३०४ आहे. तरीही हातातले काम संपेपर्यंत ड्रायव्हर बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

२५ फ्रेमसाठी ५० हर्ट्झच हवेत असे नाही, ७५ सुद्धा चालतात, कारण मग प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवली जाते. १२८० × १०२४ ची ७५ हर्ट्झची मोड प्रमाणित आहे. तीत १६८८ आणि १०६६ हे आकडे तेच राहतात, फक्त क्लॉक १३५ मेगाहर्ट्झचे होते. आपले दोन्ही मॉनिटर ती स्वीकारतात का ते पाहा. काही एलसीडी मॉनिटर ७५ चा सिग्नल घेतात, पण आतून ६० वरच चालतात आणि मधल्या फ्रेम गाळतात. ते आकड्यावरून कळत नाही, डोळ्यांनीच पाहावे लागते. व्हीसिंक एका वेळी एकाच मॉनिटरशी बांधले जाते, तेव्हा ज्याच्यावर चित्र पाहता तोच निवडा.

धागाकर्ती

आपण दोघांनीही वेळ काढून इतके नेमके सांगितले, देव बरे करो. काल रात्री सर्व बदल केले आणि जे आढळले ते इथे नोंदवते, म्हणजे असाच जुना संगणक वापरणाऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल.

पर्याय फॉल्स केल्यावर एक्सरँडआर लगेच ६० सांगू लागली आणि चढत जाणारे आकडे नाहीसे झाले. मेटामोड फाइलमध्ये ७५ हर्ट्झची लिहिल्यावर दोन्ही मॉनिटरनी ती स्वीकारली आणि एनव्हिडिया-सेटिंग्ज दोन्हींसाठी ७५.०२ दाखवते. कॉम्पिझनेही आता वेग बरोबर ओळखला आहे. तरीसुद्धा उजव्या मॉनिटरवर खांब पूर्वीसारखेच अडखळत होते. तीच फीत डाव्यावर ओढून पाहिली तर पडद्यापासून शेवटच्या खांबापर्यंत सारे सलग सरकते. आतून ६० वर चालणारा मॉनिटर नेमका तोच निघाला, ज्याच्यावर मी इतके दिवस चित्र पाहत होते.

आता टाइमलाइन उजवीकडे नेली आहे, चित्र डावीकडे घेतले आहे आणि व्हीसिंकही डाव्या मॉनिटरशी बांधले आहे. संकासुराचा पूर्ण प्रवेश रात्री दोनदा पाहिला. पूर्वी अडखळणे समजून जिथे मी दोन ठिकाणी कट टाकले होते, ते दोन्ही कट काढून टाकले. ३०४ मालिकेकडे हे काम कलाकारांच्या हाती सोपवल्यानंतरच वळेन.