विषय: रोपवाटिकेतले सहा कॅमेरे रस्ता ओलांडून घरी कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

ठाण्याला घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या बाजूला माझ्या दादाची रोपवाटिका आहे. पावसाळ्याआधी तिथून पाण्याची मोटर चोरीला गेली, मग आंब्याची कलमं. रात्री राखणीला एकच माणूस असतो, त्याच्या काळजीने आईचा डोळा लागत नाही. दादाला सहा कॅमेरे बसवायचेत. पण रेकॉर्डर तिथेच ठेवला तर चोर तोही उचलून नेतील, म्हणून तो घरी हवा. घर रस्त्यापलीकडे सातव्या मजल्यावर, सरळ रेषेत ४०० मीटरच्या आसपास. मधे हायवे आणि मेट्रोचा पूल, त्यामुळे केबल टाकायचा प्रश्नच नाही. दुकानदार म्हणतो, सहा वाय-फाय कॅमेरे घ्या आणि घरी मोठी अँटेना लावा. घ्यावेत का?

मुग्धा, टोरांटो

---

मुग्धा,

दादाला सांग, वाय-फाय कॅमेरे घेऊ नको. सहा कॅमेरे सहा कोपऱ्यांतून एकाच हवेत बोलायला लागले की प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. ज्याचा सिग्नल कमजोर, तो हळू बोलतो आणि बाकीच्यांचा वेळ खातो. एक कॅमेरा झाडाआड गेला की सहाही चित्रं अडखळतात.

कॅमेरे साधे केबलवाले, पीओई घ्या, म्हणजे वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं. सगळ्या केबल रोपवाटिकेतल्या खोलीत एका पीओई स्विचवर, म्हणजे त्या जोडायच्या डब्यावर, आणा. प्रत्येक केबल १०० मीटरच्या आत हवी आणि शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल नको, लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं. तिथून पुढे एकच वायरलेस जोड: ५ गिगाहर्ट्झच्या, एकाच दिशेला सिग्नल पाठवणाऱ्या दोन अँटेना, एक रोपवाटिकेच्या खांबावर, दुसरी इमारतीच्या गच्चीवर, एकमेकींकडे तोंड करून. याला पॉइंट-टू-पॉइंट ब्रिज म्हणतात. रेकॉर्डरच्या दृष्टीने मधे एक लांब केबल आहे, बस्स.

वेगाची चिंता नको. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) घेतो, म्हणजे सहांचे २४. ब्रिजच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच मिळेल असं धरा, तरी पुष्कळ झालं. म्हणून चॅनेल, म्हणजे सिग्नलने व्यापलेली लहरींची रुंदी, २० मेगाहर्ट्झचाच ठेवा. घोडबंदर रोडला इमारतींमागून इमारती आहेत आणि घरोघरी राउटर. रुंद चॅनेल तेवढा जास्त गोंगाट गोळा करतो. रेकॉर्डिंग मात्र २४ एमबीपीएसने दिवसाला जवळजवळ २६० जीबी होतं, म्हणजे ४ टीबीची डिस्क १५ दिवसांत भरते. एच.२६५ ही जास्त दाबणारी पद्धत वापरलीत तर त्याच डिस्कवर साधारण महिनाभर मावेल.

खरी अडचण आहे मेट्रोचा पूल. दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत, आणि नुसत्या फटीतून दिसून भागत नाही. ४०० मीटरवर रेषेच्या मध्याशी लहरींना चहूबाजूंनी सव्वादोन मीटरपर्यंत जागा लागते. त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. खरेदीआधी हे करा: अंधार पडल्यावर दादाने खांब जिथे रोवायचा तिथे, खांबाच्या उंचीवर, टॉर्च धरावा आणि कोणीतरी गच्चीवरून दुर्बिणीने बघावं. उजेड पुलाच्या कठड्याला चाटून येत असेल तर ती जागा सोडा. मेट्रोची गाडी तिथून जाईल तेवढा वेळ चित्र गोठेल. खांब पुलापासून मागे सरकवा किंवा उंच करा.

आणि झाडं! पावसाने ५ गिगाहर्ट्झला विशेष काही होत नाही, पण ओली पानं सिग्नल पिऊन टाकतात. मे महिन्यात फांद्यांमधून छान चालणारा जोड जुलैत बंद पडतो. एखादी फांदी वाटेत येणार असेल तर आजच तिचा विचार करा.

कॅनडातून ब्रिज घेऊन जाऊ नकोस. इथल्या उपकरणांत इथल्याच नियमांचे चॅनेल आणि पॉवर ठरवलेले असतात. भारतात ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाले. उपकरण तिथलंच घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा.

विनायक, मिसिसागा

---

मुग्धा, विनायकराव,

गच्ची सोसायटीची असते. कमिटीला आधी अर्ज द्या आणि लेखी परवानगी घ्या. स्लॅबमध्ये ड्रिल करू नका. वॉटरप्रूफिंगला भोक पडलं की वरच्या मजल्यावरच्यांचं छत गळतं, आणि मग तुमचा सिग्नल कितीही चांगला असो, अँटेना उतरवावी लागते. लोखंडी पाइपाला क्लॅम्प लावून अँटेना बसवा. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथून ठिबकेल, आत जाणार नाही. दोन्ही टोकांना अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं साधन) लावाच, जूनमधल्या विजांना दया नसते.

राखणदाराची खाट कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. त्याच्यासाठीच हे चाललंय, पण त्याला झोपायला खाजगी जागा हवी.

सुनंदा, ब्रॅम्प्टन

---

सुनंदाकाकू, विनायककाका, मनापासून आभार. दादाशी बोलले. टॉर्चची चाचणी केली, खांब पाण्याच्या टाकीमागे नेल्यावर उजेड पुलावरून पूर्ण दिसला. आता वीज गेली तर? आणि इथून मी कसं बघायचं?

मुग्धा

---

मुग्धा,

सहा कॅमेरे, स्विच आणि ब्रिज मिळून ५० वॉट धर. १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत ८४ वॉट-तास असतात, त्यातून जेमतेम तासभर निघेल. मोठी बॅटरी घ्या, आणि घराकडच्या टोकालाही यूपीएस हवा, नाहीतर एकच बाजू जागी राहील. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला, म्हणजे जोड तुटला तरी रेकॉर्डिंग थांबणार नाही. ब्रिजला त्याच्याच खोक्यातला पीओई अडॅप्टर लावा. बरेच ब्रिज २४ व्होल्टवर चालतात, कॅमेऱ्यांचा स्विच ४८ देतो; अदलाबदल झाली तर ब्रिज जळू शकतो.

तू टोरांटोहून बघशील तेव्हा कॅमेऱ्याची सबस्ट्रीम निवड, ती लहान चित्राची असते. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, उघडू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी वाट) वापरा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे ताब्यात घेतले होते. कॅमेरे, रेकॉर्डर आणि दोन्ही ब्रिज, सगळ्यांचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

विनायक