पत्र्याच्या जाडीत किती कण बसतात?

धातू बारीक बारीक स्फटिकांचा बनलेला असतो, त्यांना इथे कण म्हटलंय. ‘बारीक कणांचा पत्रा जास्त मजबूत, म्हणून छोट्या भागांना तोच घ्यावा’ असं सांगितलं जातं आणि ते बरोबर आहे. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या संशोधकांचा नियम तेच सांगतो: कण जितके बारीक, तितका धातू मजबूत. पण भाग अगदी लहान झाला की कणाचा आकार एकटा बघून भागत नाही, जाडीत किती कण बसतात ते बघावं लागतं. ०.१ मिमीच्या पितळी पट्टीत १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कण असतील तर जाडीत साधारण दहा येतात; जास्त तापवून ते ५० मायक्रॉनचे झाले तर जेमतेम दोन. म्हणजे जवळपास प्रत्येक कण पृष्ठभागावरचा. त्याला एका बाजूने अडवायला शेजारी नाही, त्यामुळे पट्टी नरम पडते. शिवाय प्रत्येक कणाची दिशा वेगळी, म्हणून एकाच डायमधून (साच्यातून) निघालेले दोन तुकडे सारखे वाकत नाहीत.

आमच्याकडे वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, टर्मिनल (वीजजोडणीचे छोटे पितळी तुकडे) बनवताना पट्टीचा असा एक रोल आला होता. जाडी आणि घटक दोन्ही सर्टिफिकेटप्रमाणे, पण वाकवलेला पाय कधी आत, कधी बाहेर. वाकाच्या बाहेरच्या अंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, नखाला स्पष्ट लागणारा. पंच (डायमध्ये दाबणारा भाग) बदलून, शिम (पातळ पट्टीचा आधार) घालून काही फरक पडेना. शेवटी काप पॉलिश करून कणांच्या सीमा दिसाव्यात म्हणून फेरिक क्लोराइड लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर जाडीत दोन-तीनच कण! तेव्हापासून ऑर्डरमध्ये जाडीसोबत कणाचा कमाल आकारही लिहितो. तुम्हीही लिहून घ्याच.