वॉर्डात पाय ठेवायच्या आधीच पोटात गोळा येतो, हे नुसतं थकणं आहे का?

नाईटवाली_सिस्टर
नर्सिंगमधलं माझं हे अकरावं वर्ष. मेडिसिन वॉर्ड. गेले सहा-सात महिने ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. ऑफला दुपारपर्यंत झोपते, तरी उठल्यावर अंग जडच.

मागच्या नाईटला अठरा पेशंट आणि आम्ही दोघी. अडीच वाजता दुसरीलाही शेजारच्या वॉर्डात पाठवलं. नऊ नंबरवरचे आजोबा पाणी मागत होते. मी तीनदा "आले हं" म्हणाले. एकदा इन्फ्युजन पंप वाजला, एकदा नवीन ॲडमिशनची कॅन्युला, एकदा बाथरूमजवळ पडलेल्या पेशंटला उचलायचं होतं. पहाटे मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. ओठ सुकून पांढरे पडलेले, हात कॉटच्या कडेवरून बाहेर. पाण्याचा पेला लॉकरवर होता, त्यांच्या बोटांपासून जेमतेम वीतभर लांब.

खरं सांगू? त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. त्यांना उठवून पाणी पाजलं, चार्टवर वेळ टाकली, पुढच्या बेडकडे गेले. घरी बूट काढताना लक्षात आलं की त्यांचं नाव आठवत नाहीये, डोक्यात फक्त "नऊ नंबर". पहिल्या वर्षी मला अख्ख्या वॉर्डाची नावं पाठ असायची. तेव्हापासून घाबरले आहे.

इनचार्जना सांगितलं तर म्हणाल्या, "मन घट्ट कर, या कामाला सेवाभाव लागतो." माझाच सेवाभाव संपलाय का? वॉर्ड बदलून मागू की नोकरीच सोडू?

आयसीयू_ताई
अगं, सेवाभाव संपलेली बाई नाव आठवलं नाही म्हणून घाबरत नाही.

तुला जे होतंय ते ओळखीचं आहे. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये बर्नआऊट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रिकामं होणं, मोजायची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी बघतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. "नऊ नंबर" ही त्यातली दुसरी. मन स्वतःला वाचवायला दार लावून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआऊटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते, असं तिथे म्हटलंय. म्हणजे व्याख्येतच कामाची जागा आहे.

एक मात्र बघ. ऑफला, घरच्यांबरोबर असतानाही सगळं नकोसं वाटत असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव. ते नैराश्य असू शकतं, आणि ते वॉर्ड बदलून जात नाही.

निवृत्त_मेट्रन
बाळ, मी त्या खुर्चीत बसले आहे. "मन घट्ट कर" हे मीही मुलींना सांगितलंय, कारण द्यायला माझ्याकडे माणसं नव्हती. ते चुकलंच माझं. त्यातल्या दोघी चांगल्या मुली नर्सिंग सोडून गेल्या.

नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास मी फार उशिरा वाचला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, सर्जरीचे पेशंट. नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली, आणि नर्सला बर्नआऊट होण्याची २३ टक्क्यांनी. दोन्ही आकडे एकाच कारणाशी बांधलेले. कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे किती पेशंट असावेत याची मर्यादा कायद्याने लागू आहे, ती उगाच नाही.

आता कामाचं बोलते. रडगाणं म्हणून सांगितलंस तर तुला धीर देऊन परत पाठवतील. पेशंटच्या सुरक्षिततेची बाब म्हणून लिहून दे. तारीख, पेशंट किती, स्टाफ किती, अडीच वाजता कोणाला हलवलं, त्यानंतर काय काय राहिलं. एका पेशंटला पाणी मिळायला किती तास लागले तेही. विशेषणं नकोत, वेळा हव्यात. एकटीने देऊ नकोस, दोघी-तिघींनी मिळून द्या.

आणि नाईट करून आलेल्या सकाळी राजीनाम्याचा निर्णय घेऊ नकोस.

डायलिसिस_ब्रदर
मी वॉर्ड बदलून घेतला होता. पहिल्यांदा झोप परत आली, कामाची गोडी यायला बरेच महिने लागले. जुन्या वॉर्डात माझ्या जागी आलेल्या मुलाचे मात्र तेच हाल झाले. म्हणून ताई, बदली जरूर माग, पण मेट्रनबाई म्हणतात ते लिहिल्याशिवाय जाऊ नकोस.

नाईटवाली_सिस्टर
सगळ्यांचे आभार. ताई, ऑफला भाचीबरोबर असते तेव्हा हसते मी, त्यामुळे अजून तितकं नसावं, पण डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काल हँडओव्हरनंतर आधी एक फेरी मारली, प्रत्येकाचा पेला आणि बेल हाताशी सरकवली. आजोबांच्या फाईलवरचं नाव वाचलं आणि नावाने हाक मारली.

अर्ज आम्ही तिघी मिळून लिहितोय. मॅडम, अडीच वाजताचा आदेश तोंडी होता. कोणी दिला ते लिहिलं तर राग येईल ना?

निवृत्त_मेट्रन
येईल. तरी लिही. पोच घे, एक प्रत स्वतःकडे ठेव, आणि त्या प्रतीत पेशंटचं नाव ठेवू नकोस.