लिनक्सवर एलएलएमएनआर बंद करायचा आहे, पण छपाई चालू राहायला हवी

प्रश्न (रामबाग, इंदूर):
नमस्कार. आमच्या वाचनालयातील ग्रंथसूचीचा संगणक लिनक्सवर चालतो आणि वाचकांचे मोबाइल व लॅपटॉपही त्याच वायफायवर असतात. उघडी पोर्ट तपासताना यूडीपी ५३५५ वर सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावांवरून पत्ते शोधणारी सेवा दिसली. तिच्यातला एलएलएमएनआर, म्हणजे त्याच जाळ्यातील संगणक नावाने शोधण्याचा प्रोटोकॉल, आम्हाला नको आहे. त्यासाठी ती सेवाच थांबवावी का? इंटरनेट आणि प्रिंटर बंद पडता कामा नयेत.

उत्तर (ग्वाल्हेर):
सेवा कृपया थांबवू नका. संगणकाची डीएनएस विचारणा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणे) त्याच सेवेमार्फत १२७.०.०.५३ या पत्त्यावरून होत असेल, तर ती थांबताच संकेतस्थळे उघडेनाशी होतील आणि दोष विनाकारण वायफायवर येईल.

आपली काळजी मात्र रास्त आहे. बिंदू नसलेले एकशब्दी नाव शोधताना हा प्रोटोकॉल २२४.०.०.२५२ या पत्त्यावरून जाळ्यातील सर्वांनाच विचारतो आणि व्यवहारात आलेल्या उत्तराची शहानिशा होत नाही. त्यामुळे त्याच वायफायवरील कोणीही खोटे उत्तर देऊन जोडणी स्वतःकडे वळवू शकतो. जिथे कोणीही येऊन बसते अशा ठिकाणी तो चालू ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

‘/इटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘रिझॉल्व्ह’ विभागाखाली ‘एलएलएमएनआर=नो’ असे लिहा. ती ओळ आधीच असल्यास तिच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह काढायला विसरू नका, नाहीतर ती केवळ टिप्पणी ठरते. नंतर ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ ही आज्ञा द्या आणि ‘सुडो एसएस -एलएनटीयूपी’ने पोर्ट पुन्हा तपासा. (अर्थात, हे सारे रोमन लिपीत टंकायचे.)

उत्तर (वडोदरा):
प्रिंटरबाबत एक भर घालतो. आपोआप सापडणारा प्रिंटर बहुधा एमडीएनएस हा स्थानिक जाळ्यात नावे शोधण्याचा वेगळा प्रोटोकॉल वापरतो. त्याचे पोर्ट ५३५३ असून लिनक्सवर ते काम सहसा अवाही ही सेवा पाहते. म्हणून वरील बदलाने छपाईला धक्का लागू नये. पुढे अवाहीही बंद करायची झाल्यास आधी प्रिंटरला स्थिर आयपी पत्ता देऊन तो त्या पत्त्यानेच जोडून घ्या. शिवाय ‘अवाही-डीमन.सर्व्हिस’बरोबर ‘अवाही-डीमन.सॉकेट’ही बंद करा, कारण सॉकेट चालू राहिल्यास थांबवलेली सेवा त्याच्यामार्फत पुन्हा सुरू होऊ शकते.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे आभार. ५३५५ ची नोंद आता दिसत नाही, संकेतस्थळे उघडतात आणि सभासदाची पावतीही नीट छापली गेली. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता स्थिर करून घेईपर्यंत अवाही तशीच ठेवत आहे.